ओल्या दोरीचे माप

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. दोन पाकळ्या काळ्या, दोन पांढऱ्या, मधोमध एक भोक आणि त्या भोकातून ओवलेली लांबच लांब सुती दोरी. मला पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "ही कसली ताटली?" आणि शेजारचा तितक्याच हमखास चुकीचे उत्तर देतो. मी रागवत नाही. माझे काम पाण्यात बुडायचे. बुडणाऱ्याने मान ताठ ठेवून कसे चालेल?

काम तसे साधेच. मला दोरीने हळूहळू पाण्यात सोडतात आणि वरून बघत राहतात. पाणी नितळ असेल तर खूप खाली गेले तरी मी दिसते. गढूळ असेल तर हातभर गेले की गडप. मी दिसेनाशी झाले की बुडालेल्या दोरीच्या गाठी मोजायच्या. दर दहा सेंटिमीटरला एक गाठ, दहा गाठींचा एक मीटर. झाले माप! ना वीज, ना बटण. ज्याने पाण्याला आरपार दिसण्याचा गुण दिला आणि माणसाला डोळे दिले, त्याने माझे निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. त्याचे उपकार मानूनच मी पाण्यात उतरते.

माझा जन्म एका पत्र्याच्या दुकानात झाला. पाणीताईचे मामा तिथे डबे, नळकांडी आणि बादल्यांचे बूड करून द्यायचे. पाणीताई म्हणजे त्यांची भाची. पाण्याचे शास्त्र शिकून ती एका तळ्याकाठच्या तपासणी केंद्रात कामाला लागली होती. लोकांनी तिचे खरे नाव दोन महिन्यांत विसरून हे नाव ठेवले.

"मामा, गोल तबकडी हवी. बरोबर वीस सेंटिमीटरची."

"बरोबर म्हणजे किती बरोबर?"

"म्हणजे बरोबर!"

"पोरी, हाताने कापलेलं सगळं जवळपास असतं. किती जवळ हवंय ते सांग, म्हणजे तेवढा घाम गाळतो."

मामांनी एका पिंपाच्या झाकणातून मला कापले, कडा घासल्या, रंगाचे तीन हात दिले आणि खाली लोखंडी वजन बांधले. घाम त्यांनी मापाबाहेर गाळला. पैसे विचारले तेव्हा म्हणाले, "मामीला तळ्यावर फिरायला ने एकदा, फिटले." ते फिरणे अजून राहिलेच आहे.

आता ते तळे ऐका. त्याच्या काठाला कापड रंगवणाऱ्यांच्या चाळीस शेड होत्या. सूत आणि कापड रंगवून झाले की उरलेले पाणी एकामागून एक अशा हौदांतून निवळत जायचे, आणि शेवटच्या हौदाची झडप उघडली की तळ्यात. तळ्याच्या बुडाशी पाणवनस्पतींची कुरणे होती आणि त्यांत मासे अंडी घालायचे. वरून गढूळ पाणी आले की ऊन खाली पोचत नाही, कुरण कुजते, मासळी जाते. म्हणून केंद्राचा नियम असा, की शेवटच्या हौदात मी दहा गाठींपर्यंत दिसले तरच झडप उघडायची.

शेडवाल्यांची म्होरकी होती नीळकाकू. नीळ रंगवून रंगवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते, आणि जीभ त्याहून गडद. ताई दिसली की ती ओरडायची, "उठा गं, परीक्षा घ्यायला आल्या बाई! पास करा हो, तुमच्या ताटलीला हळदीकुंकू नाही, पण निळीचं बोट लावते."

"काकू, आज आठच गाठी. उद्या बघू."

"आठ आणि दहात असं कितीसं अंतर आहे?"

"दोन गाठींचं."

"लेक शिकली आणि शहाणी झाली," म्हणत काकू झडपेच्या चाकावर बसून राहायची. कुरकुर करायची, पण ताई समोर असताना तिने झडप कधी चोरून उघडली नाही.

अशी दहा वर्षे गेली. मध्येच केंद्रात एक विजेचे यंत्र आले आणि मला दारामागच्या खिळ्याला अडकवून माझ्यावर कॅलेंडर टांगले गेले. पाच महिने मी महिन्यांच्या पाठी बघत काढले. मग यंत्र बिघडले, दुरुस्तीला दूर गेले आणि ताईने कॅलेंडर बाजूला सारले. मला पुसता पुसता ती एवढेच म्हणाली, "चल गं बाई." तो माझा सगळ्यात मोठा सत्कार.

ताई माझी निगा फार राखायची. दर वर्षी मोसम सुरू होण्याआधी ती केंद्रातल्या लांब टेबलावर दोरी सरळ पसरायची, शेजारी पोलादी फीत ठेवायची आणि एकेक गाठ पडताळायची. स्वच्छ, सुकलेली, नीट गुंडाळलेली दोरी. एक गाठ इकडची तिकडे नाही. मलाही वाटायचे, आपल्यासारखे चोख कोण असेल? मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवू नका. ते माझ्या गर्वाचे होते.

मग ते पत्र आले. निसर्गाला इजा न करता कापड कसे रंगवावे, याचे साऱ्या जगासाठी एकच मानक ठरवायचे होते. मानक म्हणजे सगळ्यांनी मिळून मान्य केलेली मोजपट्टी. ते पाळणाऱ्याच्या मालावर शिक्का मिळणार आणि पुढे मोठे खरेदीदार शिक्क्याशिवाय माल घेणारच नाहीत. कच्च्या मसुद्यात लिहिले होते, की पाण्याचा गढूळपणा यंत्रानेच मोजावा. आता चाळीस शेडमध्ये मिळून एक यंत्र परवडेना. म्हणजे शिक्का नाही, म्हणजे काम नाही. दहा वर्षांची मोजमापे हाताशी असलेली तज्ज्ञ म्हणून ताईला बोलावणे आले होते.

निघताना काकूने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि नेहमीची जीभ आवरून म्हणाली, "बाई, तिथं आमच्यातलं कुणी नाही. तूच आहेस."

टॉवेलात गुंडाळून मीही निघाले. वाटेत एका तपासनीसाने मला बाहेर काढले.

"हे काय?"

"तबकडी."

"कशाला?"

"पाण्यात बुडवायला."

त्याने ताईकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि पुढे जा अशी मान हलवली. माझी किंमत त्याने बरोबर केली.

जगाचे नियम ठरवणारी माणसे कशी असतील? मला वाटले होते, न चुकणारी, न हसणारी, उंच खुर्च्यांवर बसलेली. प्रत्यक्षात तिथे लांब टेबलाभोवती एकोणीस जण होते. एक जण कागदाच्या कडेला मासे काढत होता. एका बाईंनी पाठ दुखते म्हणून घरून उशी आणली होती. चष्मा सगळेच पुसत होते. वेगवेगळ्या देशांतली माणसे, पण चहाला उशीर झाला की चेहरे सगळ्यांचे सारखे.

त्यांची रीत मात्र मला फार आवडली. कुणाला मसुद्यातले काही पटले नाही तर तोंडाने भांडायचे नाही. एक कागद भरायचा, त्याला चार रकाने. कोणते कलम, त्यात चूक काय, त्याऐवजी काय हवे, आणि चौथा रकाना निर्णयासाठी. नुसते "हे चुकीचे आहे" लिहिलेला कागद अध्यक्षबाई परत करायच्या. "मोडायला मदत नको, ते काम वेळच करते," असे म्हणायच्या. आणि हात वर करून मते मोजणे नाही. एकेकाकडे बघून त्या विचारायच्या, "तुम्हाला हे चालेल का?" आवडले का, असे नाही, चालेल का. एकाला जरी चालत नसेल तरी सगळे पुन्हा बसायचे. असा प्रत्येक कागद टेबलाभोवती फिरून, घासून, गुळगुळीत होऊन मगच मानकात जायचा.

ताईने कागद दिला. छोट्या शेडना यंत्राऐवजी तबकडी चालावी.

समोर बसले होते यंत्रवाले साहेब. गढूळपणा मोजणारी यंत्रे बनवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. ते म्हणाले, "डोळ्याचं माप? एकाचा डोळा दुसऱ्यासारखा असतो का?"

"नसतो. म्हणून दोघांनी बघायचं. दोघांत एका गाठीपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा बघायचं."

"ढग आले तर?"

"थांबायचं."

"आणि थांबायला वेळ नसेल तर?"

"साहेब, तळ्याला वेळ असतो."

उशीवाल्या बाई खुदकन हसल्या. साहेबही हसले, पण मान हलवली नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी मागच्या तलावात दाखवा. चहानंतर ठरवू."

दुसऱ्या दिवशी मी एकोणीस जणांसमोर बुडाले. आधी मासेवाल्याने सोडले, मग उशीवाल्या बाईंनी, मग खुद्द साहेबांनी. तिघांनाही मी चौदाव्या गाठीला दिसेनाशी झाले. माना डोलल्या. "पोरखेळ वाटला होता," कुणी म्हणाले, "पण चोख आहे." मी पाण्यातून वर येताना अशी चमकत होते म्हणता! सगळे चहाला गेले.

ताई मात्र सभागृहात आली. चहानंतर सगळ्यांना गाठी पडताळून दाखवायच्या, म्हणून तिने टेबलावर पोलादी फीत ताणून ठेवली होती. तिने सहज ओली दोरी तिच्याशेजारी पसरली.

दहावी गाठ शंभराऐवजी त्र्याण्णववर आली.

तिने दोरी ताणून बघितली. सैल सोडून बघितली. फितीचे टोक तपासले. त्र्याण्णवच. दहा वर्षे ती दोरी मोजत आली होती, दर वर्षी, न चुकता; पण नेहमी सुकलेली. आणि मी तर काम करत होते ओली! ज्या सकाळी मी जेमतेम दहाव्या गाठीपर्यंत दिसले असे आम्ही म्हणालो, त्या सकाळी मी मीटरभर खाली गेलेच नव्हते.

माझ्या काळ्या पाकळ्याही पांढऱ्या पडल्या असतील तेव्हा.

ताईने मामांना फोन लावला.

"मामा, दोरी आखडते."

"आखडणारच. सुताची आहे. ओली झाली की अंग चोरते. तुला माहीत नव्हतं?"

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"तू कधी विचारलंस? मला ताटली सांगितली होतीस, दोरी तुझी तू आणलीस." मग त्यांना तिचा श्वास ऐकू आला असावा. आवाज खाली आला. "काय झालं, पोरी?"

तिने सगळे सांगितले. "आत्ता बोलले तर तबकडी जाते, मामा. तबकडी गेली की चाळीस शेड गेल्या. काकू माझ्या भरवशावर बसलीय."

"आणि नाही बोललीस तर?"

"कुणाला कळणार नाही."

"मला कळलं की आत्ता. दोघं झालो. आणि माझं तुला माहीत आहे, जेवताना तुझ्या मामीला सांगितल्याशिवाय मला घास गिळत नाही."

ताई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. फोन ठेवून तिने एक कोरा कागद ओढला आणि लिहायला बसली. तेवढ्यात सगळे परत आले.

अध्यक्षबाईंनी कागद वाचला, चष्म्यावरून बघितले. "ताई, हा कागद तुमच्याच सूचनेविरुद्ध आहे."

"हो."

"चूक काय, ते लिहिलंत. त्याऐवजी काय हवं, तो रकाना कोरा आहे."

"मला सुचलं नाही," ताई उभी राहून म्हणाली. "ओली झाल्यावर दोरी आखडते. दहा वर्षं मी ती कोरडी मोजली. माझी मोजमापं पाण्याला होतं त्यापेक्षा स्वच्छ दाखवतात. सकाळी तुम्ही पाहिलेल्या चौदा गाठीसुद्धा खऱ्या तेरा आहेत. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय तुमचा होकार घेणं मला जमणार नाही."

माझ्या कडेवरून एक थेंब ओघळून टेबलावर पडला. मी मनात म्हटले, झाले, आता पुन्हा खिळा आणि कॅलेंडर.

पहिले बोलले ते यंत्रवाले साहेब. "किती आखडते?"

"शंभराला सात."

"दर वेळी तेवढीच? लगेच आखडते की हळूहळू?"

"माहीत नाही."

"मग बघायला हवं," साहेब कोट काढत म्हणाले. "कुणीतरी बादली आणा."

मित्रांनो, ते दृश्य तुम्ही बघायला हवे होते! जगभरातले एकोणीस तज्ज्ञ एका बादलीभोवती उकिडवे बसलेले. दर दहा मिनिटांनी दोरी काढायची, फितीवर टाकायची, पुन्हा बुडवायची. मासेवाल्याने मासे सोडून आकडे लिहिले. उशीवाल्या बाईंनी स्वतःची उशी ताईला दिली आणि म्हणाल्या, "माझे वडील जाळी विणायचे. नवं सूत ते आधी भिजत घालायचे, मगच गाठी मारायचे. इतकी वर्षं मी हे शास्त्र समजलेच नव्हते, वडिलांचा हट्ट समजत होते." पाऊण तासानंतर दोरी आखडायची थांबली. त्यानंतर कितीही भिजवा, तसूभर हलली नाही.

"भरा रकाना," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आणि सगळ्यांनी मिळून तो भरला. दोरी वापरण्याआधी तासभर भिजवावी. ओली असतानाच पोलादी फितीशी पडताळावी. हे दर महिन्याला करावे, आणि करणाऱ्या दोघांनी त्याखाली सही करावी.

मग अध्यक्षबाई एकेकाकडे बघत निघाल्या. चालेल का? चालेल. चालेल का? चालेल. शेवटी साहेब उरले. त्यांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "पण मलाही एक कोरा कागद द्या. उन्हाळ्यात माझ्या यंत्राच्या काचेवर साय धरते, आणि मग ते स्वच्छ पाण्यालाही गढूळ म्हणतं. प्रात्यक्षिकाआधी मी काच गुपचूप पुसून घेतो. हे कुठे लिहिलेलं नाही. ताई उभ्या राहिल्या नसत्या तर मीही लिहिलं नसतं."

त्या दिवशी टेबलावरचे कोरे कागद संपले. कुणाची काच, कुणाची बाटली, कुणाचे थर्मामीटर. ज्याची त्याची झाकलेली चूक वर आली आणि तिच्यासमोर उपाय लिहिला गेला. मानकाचे ते पुस्तक आज छापून आले आहे. वाचायला अगदी रुक्ष. पण मला त्यातले प्रत्येक कलम कुणाच्या तरी खाली घातलेल्या मानेसारखे दिसते, आणि मी त्या मानेला नमस्कार करते.

घरी परतल्यावर अवघड भाग होताच. ताईने जुन्या नोंदी काढून हिशेब मांडला आणि शेडवर जाऊन सांगितले, "काकू, तबकडी मान्य झाली. पण दहा वर्षांत अकरा सकाळी मी झडप उघडा म्हटलं, तेव्हा ती उघडायला नको होती. चूक माझी."

काकू उसळली. "म्हणजे दोरीच्या मेहेरबानीने पास केलंस आम्हाला? आम्ही छाती काढून मिरवत होतो ते फुकटचं? आणि बाकीचे दिवस बसवून ठेवलंस, ते मात्र खरं!" मग पदराला हात पुसत म्हणाली, "आता मोजायचं कुणी?"

"तुम्हीच. दोघींनी मिळून. तसंच लिहिलंय."

"आमच्यावर एवढा विश्वास जगाने टाकला?"

"एकोणीसही जण 'चालेल' म्हणाले."

तेव्हापासून मी शेडवर राहते. रंग थोडा उडाला आहे, कड एका ठिकाणी चेपली आहे, पण रोज सकाळी भिजलेल्या दोरीला लटकून कामाला जाते.

परवाचीच गोष्ट. ताई बाहेरगावी होती. सगळे हौद काठोकाठ भरलेले, गाडी माल न्यायला दारात उभी. झडप उघडल्याशिवाय नवा रंग लावता येईना. काकूने आणि तिच्या सुनेने मला सोडले. नऊ गाठी आणि वर थोडेसे.

सून हळूच म्हणाली, "आई, दहावी ही काय, इथंच तर आहे. कोण बघतंय? उघडूया की."

काकूने दोरी वर ओढली, मला पुसले, आणि चाकावर ठेवलेला निळा हात काढून घेतला. "गाडीवाल्याला चहा दे आणि उद्या ये म्हणावं," ती म्हणाली. "आज नाही उघडायची."

मित्रांनो, मोजायचे साधन तुमच्याही हाती येईल. घरातली फूटपट्टी असो, तराजू असो, की तुमचे स्वतःचे मत. त्याला जपा. ते ज्या अवस्थेत काम करते त्याच अवस्थेत तपासा. कपाटातल्या खरेपणावर जाऊ नका. आणि कुणी भर सभेत उभे राहून "माझे चुकले" म्हणाले, तर हसू नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याचा कोरा रकाना भरायला हात लावा. मला तशी माणसे भेटली. मी तर पिंपाचे झाकण होते. माझी पात्रता ती काय! देणाऱ्याने भरभरून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ पडले होते. सासूसुना पुन्हा हौदाच्या काठावर ओणवल्या. आठवी गाठ पाण्यात गेली, नववी गेली, दहावी गेली. त्या दोघी वरून मला बघत होत्या, आणि मी खालून त्यांना.